मागून उचललेलं बॉनेट

८ जानेवारी

दादा,

लंगडा भेटला. हार्डवेअरच्या दुकानात मी नट-बोल्ट निवडत होते आणि मागे काठीची टकटक ऐकू आली. वळून बघते तर हा. ती चाल तूच दिलेली, मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात माणसं असताना मी त्याच्या काठीला लाथ घातली. तो तोंडावर पडला, काउंटरची कड लागून ओठ फुटला. दुकानदार मलाच धरायला धावला. लंगड्यानं रक्त बाहीला पुसलं, काठी उचलली आणि काहीही न घेता निघून गेला. त्यानं शिव्या तरी द्यायच्या होत्या, म्हणजे मला आणखी एक ठेवून देता आली असती.

तुला बरं वाटेल म्हणून हे आधी लिहिलं. आता कामाचं.

गाडी मिळाली. तुझा खटला संपून एवढा काळ गेला, तरी ती पोलिसांच्या आवारात उन्हात पडून होती. ओढून शेडमध्ये आणली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत गेलंय, ते कसं ते तुला माहीत आहे. सीटवर माझ्या नवऱ्याचं रक्त वाळून काळं झालंय. आई एकदा आत डोकावली आणि परत शेडकडे फिरकली नाही. मी सीट स्वतः काढली आणि मागच्या अंगणात जाळली. इंजिन मात्र जागेवर आहे, पुढची बाजूही शाबूत आहे. भिंत दारावरच बसली होती.

मी ती गाडी उभी करणार आहे. तू वाढवलेलं इंजिन, तू बसवलेला टर्बो, सगळं होतं तसं. चांगली चालणारी गाडी त्या दिवशी शर्यतीत पाचव्या फेरीला उकळते, रेडिएटरच्या पाण्याचा होज फुटतो, काच वाफेनं पांढरी होते आणि वळणावर माणूस आंधळा होऊन भिंतीवर जातो, हे आपोआप होत नाही. लंगड्यानं काय केलं ते मला हातात धरून दाखवायचंय. कोर्टानं ऐकलं नाही, पण मला कळायला हवं. सुरुवात कुठून करू ते सांग.

भिंगरी


२१ जानेवारी

भिंगरे,

जेलमधून आशीर्वाद देणं बरं दिसत नाही, पण घे. काठीला लाथ घातलीस ते वाचून मी बराकीत एकटाच हसत बसलो. शेजारचा म्हणाला, वेड लागलं काय. त्याला म्हटलं, आमच्या घरी पोरी अशा जन्मतात.

पत्र साहेब वाचतात, म्हणून जपून लिहितो. जे कोर्टात आलंय तेवढंच पुन्हा सांगतो, ते लिहायला कुणाची ना नाही.

शर्यतीआधी मी टायर आणायला गेलो होतो. परत येतो तर समोरच्या टीमचा डेंटर, म्हणजे दिवसभर पत्रे ठोकून सरळ करणारा हा माणूस, आपल्या गाडीवर वाकलेला. दोन्ही हात बॉनेटवर. मला बघून हात काढले आणि गेला. त्यानंतर पाऊण तासात सुसाट मेला. माझा लहानपणापासूनचा दोस्त, तुझा नवरा. तुला विधवा केलं त्या माणसानं, आणि तो पिटमध्ये डोक्याला हात लावून रडत उभा होता. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या हातात चाकाचा पाना होता. पहिला जबड्यावर बसला, दात बाहेर आले. खाली पडला तेव्हा गुडघ्यावर मोजून मारले. हाड फुटल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही, आणि खोटं कशाला बोलू, विसरायचाही नाही.

कोर्टात त्यानं तारेनं बांधलेल्या जबड्यातून काय सांगितलं आठवतं ना? म्हणे, बॉनेट मागून उचललेलं होतं, ते खाली दाबून दाखवत होतो. अरे, ते मीच उचललंय. बिजागऱ्यांखाली वायसरच्या जाड चकत्या घालून, गरम हवा मागून निघावी म्हणून. बाबांचं शेडमधलं पहिलं वाक्य कुठलं? तापलं की तोंड उघडायचं. घाट चढणारे ट्रक बाबांनी असेच वाचवले, बॉनेट फळीवर टेकवून. त्या डेंटरला ते काय कळणार.

तू आधी होजची क्लिप बघ. त्यानं तीच ढिली केली असणार. मग रेडिएटरचं झाकण, मग पाण्याचा पंप. काही ना काही सापडेल.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

सापडलं नाही.

क्लिप घट्ट होती. इतकी घट्ट, की मला पक्कड लावून तोडावी लागली. होज क्लिपपाशी सुटलाच नव्हता, मधोमध फाटलाय, आतल्या दाबानं. झाकण ठीक, पंप ठीक. कुठे कापल्याची, टोचल्याची खूण नाही.

मग म्हटलं, जुनं उकरत बसण्यापेक्षा चालवून बघू. दार आणि सीट दुसऱ्या गाडीची बसवली, होज नवे घातले, रेडिएटर धुऊन घेतला. गाडी कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. ट्रॅक भाड्यानं घेऊन मी एकटी उतरले. रस्त्यावर आणि शेडमध्ये ती एकदम शहाणी होती. उभी करून एक्सलेटर दाबला तर मागच्या फटीतून गरम हवा भसाभस निघत होती, तू म्हणतोस तशीच. ट्रॅकवर दुसऱ्या फेरीपासून तापमानाचा काटा चढायला लागला. पाचव्या फेरीला लाल. मी लांब पट्टीवर होते. वळणासाठी ब्रेक मारला आणि त्याच क्षणी समोरची काच पांढरी झाली.

दादा, त्याला शेवटचं काय दिसलं ते मला दिसलं. काहीच नाही. मी किंचाळत स्टिअरिंग सरळ धरलं आणि गवतात गेले, म्हणून वाचले. बॉनेट उघडताना उकळतं पाणी हातावर आलं. कोपरापर्यंत कातडी सुटलीये, हे पत्र डाव्या हातानं लिहितेय.

या वेळी कुणी हात लावला नव्हता. मग कोण?

माझं डोकं फिरलं होतं. पट्टी बांधून सरळ लंगड्याच्या दुकानावर गेले आणि रस्त्यावरची वीट उचलून त्याच्या काचेत घातली. दुसरी घालणार तेवढ्यात तो बाहेर आला. काचा त्याच्या केसांत अडकल्या होत्या. माझ्या हाताकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बॉनेट खाली बसवा." मी वीट त्याच्या पायाशी टाकून आले.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

तुझा हात भाजला हे वाचून जेवण गेलं नाही. पण त्या माणसाशी बोललीस कशाला? पुन्हा तो तुला बॉनेट शिकवतो आणि तू मला लिहून कळवतेस. कुणाच्या खांद्यावर बसून कुणाचे कान पिळतेस?

साधी गोष्ट आहे. फट कमी पडतेय. मी टर्बो लावला तेव्हा उष्णता वाढली, वायसर मात्र होते तेवढेच. आणखी घाल. प्रत्येक बिजागरीखाली दुप्पट. बॉनेटमागून बोटं आत गेली पाहिजेत. पंखाही मोठा घाल.

इथलं सांगतो. बराकीत एक नवा आलाय, कारकून होता, खोट्या सह्यांत अडकला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, तुझा दोस्त गाडी चालवायला शिकला नव्हता. मी त्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं, दोनदा. समोरचे दात गेले. मला एकांत कोठडी मिळाली, तिथून आजच बाहेर आलो. माझे हात आतल्या आत शिवशिवतात, भिंगरे. सुसाट गेल्यापासून ते थांबतच नाहीत.

सुटायची तारीख पक्की झाली, २ जून. घरी नंतर येईन. आधी लंगड्याकडे जाणार आहे. एक पाय ठीक आहे म्हणतात, त्याची विचारपूस करायचीये. साहेब वाचत असतील तर विचारपूस म्हणजे विचारपूसच समजावी.

दादा


६ एप्रिल

दादा,

वायसर दुप्पट घातले. नाही जमलं.

मी गाडीचा नाद सोडला. भंगारवाला घेऊन जाईल. आता ते उकरून काय मिळणार, गेलेला माणूस परत येत नाही. तू २ जूनला सरळ घरी ये. आई वाट बघतेय. मी गेटवर न्यायला येते. दुसरीकडे कुठे जायचं नाही, तुला माझी शपथ.

हात बरा आहे.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

हे पत्र साहेबांच्या टेबलावरून गेलेलं नाही. आज सुटलेल्या एकाच्या बुटातून आलंय. त्याला चहा पाज, आणि पत्र वाचून जाळ.

तू मला काय दूधखुळा समजतेस? पाच ओळींचं पत्र. जी पोरगी दोन पानं भरल्याशिवाय थांबत नाही, ती पाच ओळी लिहून शपथ घालते. तुला काहीतरी सापडलंय. आणि सापडलंय म्हणूनच मला तिकडे जाऊ देत नाहीस, मी पुन्हा आत जाईन म्हणून घाबरतेस. नाहीतर त्यानं तुला धमकावलंय.

वर आणखी ऐक. आमच्याकडे नवीन आलेला एक रिक्षावाला सांगतो, तुझी बहीण त्या डेंटरच्या दुकानात बसलेली असते. एकदा नाही, बरेचदा. खुर्ची टाकून. मी त्याचा गळा धरला, तिघांनी सोडवला तेव्हा त्याचे डोळे वर गेले होते. तरी तो शब्द मागे घेईना. म्हणजे खरं आहे.

मी तुला काही विचारत नाही. तू एकटी बाई, घाबरलीस, ते मी समजू शकतो. पण मी घाबरलेलो नाही. या वेळी गुडघ्यावर थांबणार नाही. मागच्या वेळी लोकांनी मला ओढलं म्हणून तो जगला. आता डोक्यावर मारणार, आणि हलायचा थांबेपर्यंत मारणार. मग पुन्हा इथे आणून सोडा, नाहीतर फासावर चढवा. सुसाटसाठी एवढं करायला मी कमी पडलो, ही एकच गोष्ट मला इथे झोपू देत नाही.

शेडच्या भिंतीवर बाबांचा मोठा पाना असेल. तेवढा पुसून ठेव.

दादा


३० एप्रिल

दादा,

पाना पुसला नाही. हे पत्र नीट बसून वाच, आणि हातात काही असेल तर आधी खाली ठेव. मी तुला सांगणार नव्हते. तुझ्यासाठी म्हणून गप्प बसले होते. पण माझ्या गप्प बसण्यानं एक माणूस मरणार असेल तर ते गप्प बसणं गेलं खड्ड्यात.

दुप्पट वायसर घातले तेव्हा गाडी पाचव्याऐवजी तिसऱ्या फेरीला उकळली. फट दुप्पट केली आणि गाडी आधी तापली. तू हे ऐकून काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणखी घाल म्हणशील. मीही घातले असते. पण तेव्हा मला आठवलं की एकाच माणसानं कोर्टात आणि रस्त्यावर तेच एक वाक्य सांगितलंय, एकदा मोडक्या जबड्यानं आणि एकदा केसांत काचा घेऊन. खोटं बोलणारा माणूस वाक्य बदलतो.

मी त्याच्या दुकानात गेले. तो मला बघून मागे सरकला, हातोडा पुढे धरला. मी म्हटलं, मारायला नाही आले, विचारायला आले. त्यानं खूप वेळ हातोडा खाली ठेवला नाही. मग म्हणाला, लोकर आहे का घरी?

आईच्या विणकामाच्या टोपलीतून लाल लोकर घेतली. बोटाएवढे धागे कापून मागच्या फटीच्या कडेला चिकटपट्टीनं लावले, एक टोक मोकळं. तो म्हणाला, हवा बाहेर पडत असेल तर धागे काचेकडे उडतील. शेडमध्ये उभ्या गाडीत ते काचेकडेच फडफडत होते. मी त्याला म्हटलं, बघ, माझा भाऊ बरोबर आहे. तो म्हणाला, आता पळवा.

ट्रॅकवर वेग घेतला. धागे समोरच होते, चालवताना दिसत होते. गाडी जोरात सुटली आणि सगळे धागे वळून फटीच्या आत गेले. एकजात सगळे. इंजिनाकडे तोंड करून ताठ. गाडी पळते तेव्हा समोरून येणारी हवा काचेच्या पायथ्याशी आपटून तुंबते, दादा. फट मिळाली की ती तिथून आत घुसते. मग पुढून रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेला बाहेर जायला वाटच राहत नाही. रेडिएटर नुसता उभा, हवा नाही. आणि ब्रेक मारला, वेग कमी झाला, की त्या फटीतली हवा उलटी बाहेर वळते आणि होज फुटला असेल तर सगळी वाफ तिथूनच काचेवर येते. बाबांचे ट्रक घाट चढताना बैलगाडीच्या चालीनं चढायचे, म्हणून बाबांचं वाक्य त्यांच्यापुरतं खरं होतं. आपली गाडी ट्रक नव्हती.

मी तिथेच थांबले, वायसर सगळे काढले आणि बॉनेट सपाट बसवलं. रेडिएटरच्या कडेच्या फटी त्यानं पत्रा कापून बंद करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मग मी दहा फेऱ्या मारल्या, जीव खाऊन. काटा मध्यावर चढला आणि तिथे बसला. हलला नाही. दादा, नवरा गेला त्या दिवशी मी रडले नव्हते, तुझ्याबरोबर ओरडत होते. त्या न हलणाऱ्या काट्याकडे बघून मी ट्रॅकवर गाडी थांबवली आणि ओकले.

त्यानंतर काही दिवस मी तुझा द्वेष केला. सरळ सांगते. शेडमधले तुझे सगळे कपडे बाहेर फेकले. बाबांचा तोच पाना घेऊन तुझ्या कपाटाचं दार चेपलं, इतकं की आता ते उघडत नाही. तू समोर असतास तर तुझ्यावर घातला असता.

आणखी एक आहे. हे मला लिहायचं नव्हतं, पण अर्धं सांगून काय उपयोग. त्या दिवशी डेंटरनं सुसाटला सगळं सांगितलं होतं. बॉनेट दाबून दाखवलं होतं, तेवढ्यात तू आलास. सुसाटला ते पटलं होतं. मागाहून डेंटरला गाठून तो म्हणाला, "शर्यत झाली की काढतो. आत्ता काढलं तर आमचा हा गडी पाना घेऊन तुझ्यामागे धावेल." म्हणून त्यानं वायसर तसेच ठेवले आणि गाडीत बसला.

डेंटरनं हे कोर्टात का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, समोर तुम्ही बसला होता. नवरा स्वतःहून मरणात बसला हे तुम्हाला कसं सांगणार?

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. तू पान्यानं दिली, मी लाथेनं दिली. आता तूच सांग, २ जूनला कुणाच्या डोक्यावर मारायचं?

भिंगरी


२३ मे

ताई,

अक्षर दादाचं नाही, माझं आहे. मी तो कारकून, ज्याचे दात नळावर गेले. तो सांगतोय तसं लिहितो, माझ्या पदरचं काही घालत नाही.

तो सांगतो: भिंगरे, पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग जेलच्या कारखान्याच्या भिंतीवर उजवा हात मारत राहिलो. बोटं गेली, मनगटही गेलं. वॉर्डर आले तोपर्यंत भिंत लाल झाली होती. डॉक्टर म्हणतो, मूठ पुन्हा वळणार नाही. बरंच झालं. वायसर घालणारा हात तोच आणि पाना धरणाराही तोच.

तुझ्या पत्रात मी खोट शोधत होतो. धाग्यांत काही चूक असेल, वाऱ्याची दिशा असेल, म्हणून बघत होतो. पण सुसाटचं ते वाक्य त्याचंच आहे. तो असाच बोलायचा. तो मला घाबरून मेला, भिंगरे. माझ्या दोस्तानं मला एवढंही सांगू नये, असा मी होतो.

२ जूनला मी आधी डेंटरकडेच जाणार, ठरल्याप्रमाणे. तू त्याला सांगून ठेव. म्हणावं, दुकान उघडं ठेव, आणि बाबांचा मोठा पाना त्याच्या हातात दे. जबडा आणि गुडघा, दोन्ही माझ्याकडे शिल्लक आहेत. मी हात वर करणार नाही. करताही येणार नाही.

(तो उठून बराकीच्या दाराकडे गेला. पत्र संपलं असं मी समजतो.)


२९ मे

दादा,

निरोप सांगितला. पानाही घेऊन गेले होते, त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो हातातही घेतला नाही. म्हणाला, "त्याला सांगा, इकडे यायचं नाही. मला त्याचा चेहरा बघायचा नाही. मारूनही नाही आणि माफ करूनही नाही." त्या दिवशी तो दुकान बंद ठेवणार आहे. काठी घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं. तो त्याचा हक्क आहे. तुला तिथे जाता येणार नाही आणि मी जाऊ देणार नाही.

तू मला विचारलं नाहीस की मी तुला माफ केलं का. बरं केलंस, मला माहीत नाही. पण तू माझा भाऊ आहेस आणि आईचा मुलगा आहेस, आणि घर एकच आहे.

मी २ तारखेला सकाळी गेटवर येते. गाडी भंगारात गेली नाही, ते खोटं होतं. तीच घेऊन येते. बॉनेट सपाट आहे. काढलेले वायसर डब्यात भरून तुझ्या सीटवर ठेवलेत, ते मांडीवर घेऊनच बसायचं. घरापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि मी जोरात चालवणार आहे. तू बोलायचं नाही. तू फक्त शेजारी बसून काट्याकडे बघायचं.

भिंगरी